साडूंच्या गाडीचे खांदे

ज्या ज्या वस्तूला पत्रा आहे त्या त्या वस्तूला जीव आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि नशिबाने तो माझा साडू निघाला. बाकीच्यांच्या साडूंना पत्ते असतात, राजकारण असतं, फार तर शेताच्या धुऱ्याची भांडणं असतात. आमच्या साडूंना पत्रा आहे. आर्वीच्या आगारात त्यांनी आख्खी नोकरी ठोकर खाल्लेल्या एसट्या सरळ करण्यात घालवली आणि आता बोरगाव मेघेच्या घरी ते निवृत्तीचे दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कूलर, पेट्या आणि लोखंडी कपाटं यांची विचारपूस करण्यात काढतात. विचारपूस हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. पोचा आलेली वस्तू समोर आली की ते आधी हातोडी उचलत नाहीत. डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवतात आणि हळूच म्हणतात, "कुठं लागलं व माय तुले?" मग थोडं थांबतात. उत्तर येईपर्यंत थांबतात, असं आपल्याला वाटत राहतं आणि पाठीत थोडं गार लागतं.

त्या तळहातापासून काही लपत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. एकदा माझ्या नव्या स्कूटरच्या मडगार्डाला पोचा आला. बाजारात कुणीतरी ठोकून गेलं, असं मी घरी सांगितलं होतं आणि त्या अज्ञात इसमाला मी आणि बायकोने मिळून आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. साडू आले, तळहात फिरवला आणि माझ्या बायकोच्या देखत म्हणाले, "साडभाऊ, हे कोनी ठोकली नाई. हे तुमीच भिताडाले टेकवली. आन टेकवतानी तुमचं ध्यान उजवीकडं होतं." उजवीकडे त्या वेळी काय होतं, हे मला अजून घरी नीट समजावून सांगता आलेलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तळहाताला असलं काही कळत नसतं, हे मी कुठल्याही वर्गात सिद्ध करून दाखवीन. फक्त त्या वर्गात आमचे साडू बसलेले नसावेत.

गाडी आली ती आर्वीच्या एका जुन्या जिनिंगमधून. तिथल्या व्यापारी कुटुंबाला शेड पाडायची होती आणि शेडच्या पार टोकाला, वर्षानुवर्षं उडून बसलेल्या कापसाच्या थराखाली, दोन दारांची, दोनच माणसांची, कमरेएवढ्या उंचीची एक विलायती शर्यतीची गाडी उभी होती. ती कुणी आणली याबद्दल त्या घरात एकमत नव्हतं. थोरला भाऊ म्हणाला, काकांनी आणली. धाकटा म्हणाला, आपल्याला काका होते कधी? दोघं बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहिले. मग थोरल्याने साडूंना सांगितलं, "तुमी इतके वर्सं आमच्या शेडचे पत्रे सांभाळले, आता हे गाडीबी घेऊन जा. पन वापस आनू नोका." परत आणू नका हे इतक्या कळकळीने का सांगावं, असा प्रश्न मला पडला. साडूंना पडला नाही. त्यांचा तळहात तोवर गाडीवरून फिरून आला होता आणि ते ट्रकची चौकशी करायला लागले होते. "काय म्हणते? कुठं लागलं तिला?" मी चेष्टेने विचारलं. "काई नाई लागलं," साडू म्हणाले. "वाट पाहून राह्यली." कुणाची, ते मी विचारलं नाही.

बोरगावला आल्यापासून रोज सकाळी गाडीखाली मूठभर कापूस पडलेला असायचा. साडूंनी गाडी धुतली, हवेच्या नळीने फुंकली, गाद्या काढून उन्हात टाकल्या; सकाळी पुन्हा मूठभर. साडूंची बायको म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, त्यांना मीही ताईच म्हणतो. ताईंनी त्या कापसाच्या देवापुढच्या वाती वळायला सुरुवात केली आणि वर्षभर पुरतील एवढ्या वाती झाल्या तरी कापूस थांबेना. पत्र्याच्या पोकळीत साठला असेल, वाऱ्याने थोडा थोडा पडत असेल, असं मी समजावून सांगितलं. ताई शांतपणे वात वळत म्हणाल्या, "असन." त्या बाईचं हे एक 'असन' माझ्या सगळ्या विज्ञानाला पुरून उरतं.

आता खांद्यांचं सांगतो. गाडीच्या मूळ रिंगांची गंजून चाळणी झाली होती. नागपूरच्या भंगारात साडूंना बसतील अशा रिंगा सापडल्या, पण त्या चार बोटं जास्त रुंद निघाल्या आणि टायर गाडीच्या अंगाबाहेर डोकावायला लागले. अशा वेळी चाकावरच्या कमानीचा पत्रा कापून तिथे बाहेर फुगलेला रुंद पत्रा जोडावा लागतो. शौकीन पोरं त्याला फ्लेअर म्हणतात, तयार फायबरचे मागवतात आणि स्क्रूने आवळून मोकळी होतात. साडूंसमोर तयार वस्तूचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. ते त्याला खांदे म्हणत. चार चाकांचे चार खांदे, सपाट पत्र्यातून हातोडीने उठवलेले, गॅसने जोडलेले, घरच्या अंगणात, कूलरच्या पाण्याच्या टाकीशेजारी. "तिले खांदेच नवते, म्हनून ते उभी राह्यलती," ते मला म्हणाले. "खांद्याबिगर कोन चालन, सांगा?"

टेप वापरणं त्यांना कमीपणाचं वाटतं. माप वितीने आणि बोटांनी, फर्मा लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा. उजव्या बाजूचं माप रोज तेच यायचं. डाव्या बाजूचं रोज एक बोट वाढायचं. साडू पुठ्ठा फेकून नवा कापायचे आणि दुसऱ्या दिवशी तोही अपुरा पडायचा. गाडी वाढत नसते, एवढं विज्ञान मला येतं, म्हणून मी साडूंच्या डोळ्यांकडे लक्ष द्यायला लागलो. तेव्हा दिसलं की दाराच्या चौकटीला त्यांचा डावा दंड रोज लागतो, बाजूने कुणी आलं की ते दचकतात आणि शेजारी ठेवलेली हातोडी अंगणभर शोधतात. मी त्यांना सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई भली होती. तिने कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, ते कडेकडेने पेनाने काळं करत नेलं आणि मधे रुपयाएवढी पांढरी जागा ठेवली. काचबिंदू. कडा जातात, मधलं तेवढं शेवटपर्यंत दिसतं आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं सांभाळायचं. येताना ऑटोत साडू म्हणाले, "तुमच्या ताईले सांगू नोका. हे चार खांदे बसवतो, एक डाव माह्या हातानं चालवतो, मंग डोये गेले तरी चालते." मी कबूल केलं. आणि हो, डावी बाजू एकदा मी स्वतः टेपने दोन दिवस मोजली होती. काय माप आलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर ती गाडी लवकर पुरी व्हावी म्हणून मी शाळा सुटली की त्यांच्या अंगणात जायला लागलो आणि तिथे एकेक गोष्टी पाहायला लागलो. काम करता करता साडू मधेच डावीकडून जरा सरकायचे आणि कुणाला तरी जागा करून द्यायचे. कधी म्हणायचे, "उजेडात नोको उभा राहू, बावा." अंगणात आम्ही दोघंच असायचो. मी त्यांना शास्त्रीय कारण सांगितलं: डोळ्यांना कडेचं दिसेनासं झालं की मेंदू तिथे आपल्या मनाने काहीबाही भरतो, कधी माणूसही भरतो. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतलं. चांगल्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर हाये तुमचं, साडभाऊ. पन मंग तो गाडीपाशीच काऊन राह्यते? जेवतानी काऊन नाई येत?" मी माझ्या नोकरीत अनेक पोरांना 'चांगला प्रश्न आहे, उद्या सांगतो' असं म्हटलं आहे. साडूंनाही तेच म्हटलं.

वैशाखातली एक दुपार तर मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. दोन वाजले असतील. आमच्याकडच्या उन्हात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. पत्रा घडवताना एकाने आतून लोखंडाचा गोळा दाबून धरायचा असतो आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची असते. मी गाडीखाली उताणा पडून डाव्या मागच्या खांद्याला आतून गोळा लावला होता. बाहेरून ठोके पडत होते, हलके, एकसारखे, टक टक टक, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर गोळा माझ्या तळहातात किंचित हलत होता. मला त्या तालाने झापड यायला लागली होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून साडूंचा आवाज आला, "साडभाऊ, चहात साखर टाकू काय?" त्यानंतर आणखी दोन ठोके पडले. मग थांबले.

मी गाडीखालून कसा बाहेर आलो ते मला माहीत नाही. शर्ट मात्र कायमचा गेला. साडू दोन कप घेऊन दारात उभे होते. मी म्हटलं, ऊन लागून पत्रा तापतो, प्रसरण पावतो, त्याचा आवाज असेल. साडूंनी कप खाली ठेवले, डोळे मिटले आणि त्या खांद्यावरून तळहात फिरवला. एकदा, मग उलट दिशेने पुन्हा एकदा. "भल्ला साफ हात हाये," ते हळूच म्हणाले. "माह्या हातचं नाई हे." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. एका कारागिराला दुसऱ्याचं काम पाहून जे वाटतं ते होतं, थोडा हेवासुद्धा. मी बिनसाखरेचा चहा उभ्याने पिऊन घरी गेलो.

पोळ्यापर्यंत तीन खांदे रंगासकट तयार झाले होते. चौथा, तोच डावा मागचा, जोडून झाला होता पण उघड्या पत्र्यावर होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीचं आमंत्रण देतात. साडूंच्या वडिलांकडे बैल होते; वडील गेले, बैल गेले आणि त्या संध्याकाळी काय करावं हे साडूंना अनेक वर्षं कळत नसे. या वर्षी कळलं. त्यांनी पळसाच्या पानाने गाडीच्या चारही खांद्यांना तूप-हळद चोळली, समोर येऊन हात जोडले आणि वडील म्हणत तसंच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी हसलो. ताई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सणाचा म्हणून त्यांच्याकडे गेलो, तर गाडी टाकीजवळ नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात होती, नाक उंबरठ्याला लावून. इंजिन त्या दिवसांत मिस्त्रीकडे होतं, गाडीच्या पोटात नुसती पोकळी. चाकांना लावलेल्या विटा टाकीजवळ जिथल्या तिथे होत्या. मी म्हटलं, उताराने घरंगळली. मग मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली फरशीवर आडवी ठेवून उतार तपासला, तर तो नालीकडे, म्हणजे स्वयंपाकघराच्या बरोबर उलट. बाटली हातात धरून मी तसाच उकिडवा बसलो होतो. ताई पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या, ते बॉनेटवर ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला, डोक्यावरून पदर घेऊन नमस्कार केला. "बलावलं त कोनी येतेच, भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "दारात आल्यावर उपाशी ठेवाव काय?"

एवढं सगळं निभावलं, पण तुपाने घात केला. उघड्या पत्र्याला तेलकट बोट लागलं तरी साडू आगारात मोठमोठ्या माणसांवर ओरडत, कारण तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही. आणि स्वतःच्या हाताने त्यांनी चौथ्या खांद्याला तूप चोळलं होतं. सणाच्या आनंदात ते हे साफ विसरले. पोळा झाल्यावर त्यांनी त्यावर प्रायमर मारला, रंग मारला, आणि रंग सुरकुतून सालासारखा निघाला. पुन्हा मारला, पुन्हा निघाला. मला वाटलं, हेही त्याच खात्यातलं काहीतरी असणार. एके दिवशी साडूंनी तळहात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि मटकन खाली बसले. "तूप हाये व माय," ते म्हणाले. "मीच लावलं. मले यादच नाई राह्यली आन दिसलंबी नाई." भुताखेतांच्या एवढ्या दिवसांत मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली ती तेव्हाच. थिनरने, सोड्याने धुऊन तो खांदा पुन्हा उघडा करण्यात आणि पुन्हा रंगवण्यात दिवाळी आली. त्या दोन महिन्यांत डॉक्टरीणबाईंचं वर्तुळ किती काळं झालं, ते आम्ही दोघंही एकमेकांना बोलत नव्हतो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी गाडी फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. चार रुंद खांदे, लाल रंग, पोटात इंजिन. साडू धुतलेला सदरा घालून चाकामागे बसले. ताई ओसरीत उभ्या होत्या. साडूंनी इंजिन सुरू केलं, हात चाकावर ठेवले आणि मला म्हणाले, "साडभाऊ, एक काम करा. डाव्या मागच्या चाकापाशी उभे राहा आन हळूहळू समोर चालत या. तुमी दिसले का मी हार्न देतो." मी चालायला लागलो. दारापाशी आलो, पुढच्या खांद्यापाशी आलो, दिव्यापाशी आलो. हॉर्न वाजेना. तसाच चालत राहिलो आणि अगदी बॉनेटच्या मधोमध आलो, तेव्हा हॉर्न वाजला. साडूंनी काच खाली करून विचारलं, "आता तुमी किती पावलं चालले?" मी खोटं बोलू शकलो असतो. हे दोन वर्षांचं काम, ते एक स्वप्न, एवढ्यासाठी मी एक नाही दहा खोटी बोललो असतो. पण रस्त्याच्या पलीकडे कुणाची तरी दोन लहान लेकरं फटाक्यांचे कागद वेचत होती. "सगळी," मी म्हटलं. "मागच्या चाकापासून इथपर्यंत सगळी."

साडूंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग ताई पुढे आल्या आणि खिडकीशी वाकल्या. "मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "नाई त चहाचा कप मी वर्सभर तुमच्या नाकासमोर काऊन ठेवते?" साडूंनी दार उघडलं. ते उतरले, गाडीवर तळहात ठेवून पूर्ण फेरी मारून पलीकडच्या बाजूला गेले, डाव्या सीटवर बसले आणि किल्ली माझ्यापुढे धरली. मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहवेना. ताई घरात गेल्या, तेव्हा त्यांनीही पदर तोंडाला लावला होता.

गाडीची कागदपत्रं त्या काकांइतकीच संशयास्पद असल्यामुळे आम्ही ती मोठ्या रस्त्यावर नेत नाही. घरामागे एक मोठं लेआउट आहे. तिथे रस्ते आखले आहेत, विजेचे खांब उभे केले आहेत, प्लॉटांचे दगड रोवले आहेत. घर मात्र एकही नाही. दर रविवारी सकाळी मी तिथे बैलगाडीच्या चालीने गाडी चालवतो आणि साडू शेजारी बसून विचारतात, "बाजूनं काय हाये?" मी सांगत जातो. खांब. बाभूळ. प्लॉटचा दगड. पलीकडे तूर फुलावर आली आहे. एक बाई शेळ्या घेऊन चालली आहे. ते ऐकतात आणि मान हलवतात. इतके बारकावे मी माझ्या वर्गातही कधी सांगितले नसतील.

मागच्या रविवारी लेआउटच्या शेवटच्या रस्त्याला सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी गप्प झालो. थोडं पुढे गेल्यावर साडूंनी माझ्या हाताला हात लावला. "काऊन थांबले?" मी म्हटलं, "काही नाही इथे, दादा. नुसतं रिकामं आहे." त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मी दिसेपर्यंत थोडा जास्तच वळवला. "रिकामं असलं तरी सांगजा," ते म्हणाले. "मले आता समदीकडं रिकामंच दिसते. कोनतं खरं रिकामं हाये, ते मले कसं समजन?"

मी गिअर बदलला आणि सांगायला लागलो. रिकामा प्लॉट. रिकामा प्लॉट. रस्ता. पुन्हा रिकामा प्लॉट. ते डोळे मिटून ऐकत होते.